दुसऱ्याने बांधलेला फेटा

राजमान्य राजेश्री मेहुणे नानासो यांसी, मु. इस्लामपूर,

हरिबाचा आदरपूर्वक रामराम. मिरजेस आपला गुडघा बदलून झाल्याचे समजले. नवा गुडघा आपल्या आज्ञेत वागत असावा, अशी आशा करतो. इकडे कवठे महांकाळास आम्ही सर्व कुशल आहोत. आपल्या भगिनी हरणाबाई यांच्याशी माझे बोलणे मंगळवारपासून बंद आहे. तथापि प्रकृती त्यांचीही उत्तम आहे.

आता कारण सांगतो. तीस वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयात एक थोर कादंबरीकार आले होते (नाव लिहीत नाही, एवढ्या मोठ्या माणसाचे नाव पाच रुपयांच्या पेनाने लिहिणे बरे दिसत नाही). त्यांना फेटा मी बांधला. पाहुण्याचा फेटा मीच बांधावा, ही इथली रीत. आणि कार्यक्रम संपेपर्यंत पाहुण्याने तो उतरवू नये, ही सुद्धा. त्या दिवशी बारा भाषणे झाली. शेवटी मोटारीत बसण्यापूर्वी त्यांनी मला एकट्याला बाजूस घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "हरिबा, जीवन म्हणजे दुसऱ्याने बांधलेला फेटा." एवढे बोलून ते गेले. पुढे यथाकाल वारलेही.

हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात व दहाव्याला सांगत आलो. अर्थ कोणी विचारला नाही, कारण माझी सांगण्याची पद्धतच अशी की, ऐकणाऱ्यास विचारण्याची लाज वाटावी. परंतु यंदा त्यांची जन्मशताब्दी आली. वाचनालयाचे चिटणीस सूरज यांनी येत्या रविवारी त्या वाक्याच्या अर्थावर माझे व्याख्यान ठेवले असून, तसा फलक माझ्या छायाचित्रासह एस. टी. थांब्यावर लावला आहे. अर्थ सांगता आला नाही, तर मला त्या थांब्यावरून पुन्हा एस. टी. धरता येणार नाही.

म्हणून चौकशी आरंभिली. लालासाहेबांची सून प्रियदर्शनी (प्राध्यापिका आहेत) म्हणाल्या, व्यक्तीची ओळख समाजच घडवितो, असा तो भाव आहे. ते मी वहीत उतरून घेतले. वाचता येते, समजत नाही (आमच्या वेळची चौथी असूनही). आमचा शेजारी गुंडा म्हणाला, "गड्या हरिबा, बांधायचा दुसऱ्यानं आन् मिरवायचं आपुन, आसं आसंल बग." हे मला पटू लागले होते. तेवढ्यात हरणाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आवं, लय आवळला आसंल तुमी! डोस्कं ठणकलं आसंल त्या बिचाऱ्याचं. बारा भाषणं व्हती न्हवं?" साहित्याची अशी अवहेलना मी माझ्या घरात खपवून घेत नाही. अबोला तो यावरून.

काल रंगीत तालीम घेतली. वक्त्यासही फेटा हवाच, म्हणून गुंडाकडून तो माझ्याच पद्धतीने बांधून घेतला व आरशासमोर उभा राहिलो. तालीम उत्तम झाली. चौथ्या वाक्यास थांबविली. व्याख्यानास आपण अवश्य यावे.

आपला,
हरिबा

ता. क. गुडघ्याचे निमित्त सांगू नये. मोटार पाठवितो.

पुन्हा ता. क. आपण बांधलेले फेटे अक्षता पडण्यापूर्वीच सुटतात, असे मी चारचौघांत अनेकदा बोललो आहे. ते शब्द मागे घेतो. रविवारी माझा फेटा आपणच बांधावा, आणि नेहमीसारखाच बांधावा. का, ते हरणाबाईंनी विचारल्यास आपणांस ठाऊक नाही असे सांगावे.