आईच्या माळेतले दोन बादशहा

इंदापूर

तीर्थरूप रामहरीदादा, तुमच्या पायांवर धाकट्या आबासाहेबाचं डोकं. इकडं सगळे धडधाकट. तुमचा गुडघा कसा आहे, ते वाटणीपासून दोन वर्षं कऱ्हाटीच्या दूधवाल्याकडूनच कळतं. आमच्या राजलक्ष्मीच्या लग्नाला तुम्ही येणार नाही, असं अनसूयावहिनी बारामतीच्या बाजारात बोलल्या, तेही कळलं. (माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत.) पण हे पत्र त्यासाठी नाही. नाण्यासाठी आहे.

आईच्या पुतळ्यांच्या माळेत मधोमध होतं ते. आज्याला पळसदेवच्या रानात नांगरताना सापडलेलं. एका अंगाला दाढीवाला राजा, दुसऱ्या अंगाला हातात हात घेतलेले दोन पुरुष. आई त्यांना राम-भरत म्हणायची, रामनवमीला कुंकू लावायची. ती गेल्यावर बाकीच्या पुतळ्या सहा-सहा वाटल्या, ही तेरावी उरली. "मधनं कापा," असं मीच म्हणालो, कबूल. पण तुम्ही थोरले. एकदा तरी "न्हाय" म्हणायचं होतंत! तुम्ही सोनाराला म्हणालात, "रेघ मारून सरळ काप." आणि कात्री चालत असताना वहिनी तुमच्या कानाशी, "नाकाची बाजू घ्या, मानंची नगं." राजाचं नाक तुमच्याकडं गेलं. माझ्याकडं मान आहे.

परवा माझ्या पंपाच्या दुकानात पुण्याचे एक जुन्या नाण्यांचे जाणकार आले. तुकडा दाखवला. भिंगातून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रोमचं नाणं, म्हणाले, अठराशे वर्षांपूर्वीचं. असं एक बघायला मिळावं म्हणून माणसं जन्म घालवतात. मागचे दोघे राम-भरत नव्हेत, रोमचे बादशहा. दत्तकानं झालेले भाऊ (सख्खे नव्हेत, हे लक्षात घ्या). एकच गादी दोघांनी मिळून चालवली, म्हणून हातात हात. "कुणी कापलं हो हे?" मी म्हणालो, उंदरांनी. ते हसले नाहीत.

दादा, रेघ नेमकी मनगटातून गेली आहे. माझ्या बादशहाला पंजाच नाही. तुमच्याकडच्याला एक जादा आहे.

सांधलं तरी त्याला काही अर्थ नाही, असं ते म्हणाले. पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरत भरत मी दुकान उभं केलं. काय परत फिरतं आणि काय भंगारात जातं, एवढं मलाही समजतं.

तुमचा धाकटा,
आबासाहेब

ता. क. तुकडा आणू नका. लग्नाला या.

ता. क. दुसरा. पत्रिकेत निमंत्रक म्हणून तुमचं नाव छापलंय, माझ्या वर. साखरपुड्याला व्याह्यांना सांगितलं होतं, थोरले बंधू कारखान्याच्या निवडणुकीत अडकलेत. निकाल लागून महिना झाला. आता तुम्हाला कुठं अडकवू, ते तरी कळवा.