गोधड्या धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी

आई, तुझ्यावर लई राग आलाय आज, म्हणून लिहितेय. मी आता राहुरीत एका डॉक्टरांकडे कामाला आहे. माणूस सहा-सहा महिने थकलेलाच राहतो आणि तपासण्यांत काही सापडत नाही, अशांकडून ते प्रश्नांचा एक कागद भरून घेतात. मी प्रश्न वाचते आणि उत्तरावर खूण करते. झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? बोलताना साधा शब्द आठवत नाही, असं होतं का? जास्त काम पडलं की दुसऱ्या दिवसापासून आणखी खालावतं का?

आज सोनईहून एक सून आली होती, सोबत सासू. सुनेनं तोंड उघडायच्या आधी सासूचं उत्तर तयार. खालावतं का विचारलं तर म्हणाली, "कसलं खालावतंय? घट बसायचे म्हनून परवा घरभरच्या गोधड्या एकटीनं धुतल्या हिनं. तवा कुठं गेल्तं दुखनं?" माझं डोकंच फिरलं. सासूला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. मग सून हळूच म्हणाली की धुतल्या खऱ्या, पण कालपासून भाकरी थापायलाही हात उचलत नाही. मी 'हो'वर खूण केली.

आणि मला आपला कालवा दिसायला लागला. तू पदर खोचून गोधड्या आपटतेयस, एकटी, सकाळपासून. का धुतल्यास गं? कामचोर म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायला? ती बंद झाली नाहीत. पुढं आठ दिवस तू भिंतीकडे तोंड करून पडलीस. गावातल्या डॉक्टरानं सलाईन लावलं, वीकनेस आहे म्हणाला आणि घरी धाडलं. तेव्हा असा कागद आपल्याकडे कुणाजवळ नव्हता, हे कळतं मला. पण तुला काय होतंय एवढं विचारायला कागद कशाला लागतो? घरात एकाला सुचलं नाही. सगळ्या घराचाच राग येतो मला.

संध्याकाळी एक कोरा कागद घरी आणला आणि तुझ्या वतीनं भरायला बसले. खुणा भराभर होत गेल्या. गोधड्यांच्या प्रश्नाशी हात थांबला. सासूचं ते बोलणं मला नवं नव्हतं. दहावीला होते मी तेव्हा, डबा झाला नाही म्हणून तुझ्या अंथरुणाशी उभी राहून हेच बोलले होते. तो कागद आणि हे पत्र, दोन्ही माझ्या वहीतच राहतील. मी बोलले तेव्हा तुला झोप लागली होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. लागली नव्हती. तू पांघरूण तोंडावर ओढून घेतलंस, ते मी पाहिलं होतं.