विम्याच्या दोन खिडक्या

ती. स्व. दादांना, रागावला असलात तरी साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असेलच. सरकारवर रोज तोंडसुख घेणाऱ्या माणसाला सहसा काही होत नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे तुमच्या बहिणीला पुन्हा दवाखान्यात ठेवलं आहे. खिडकीजवळची खाट मिळाली, तेवढंच समाधान. माझं विचाराल तर (विचारणार नाही, ठाऊक आहे, आरोग्य विमा सरकारने चालवावा की कंपन्यांनी, यावरून तुम्ही आमच्याकडून अर्ध्या जेवणावरून उठून गेलात त्याला वर्ष होत आलं) मी वेगळ्याच खिडक्यांवर उभा असतो.

झालं असं, की कंपनीच्या खिडकीवरची बाई म्हणाली, आजार पॉलिसीच्या आधीचा आहे, आम्ही काही देणं लागत नाही. मी माझं नेहमीचं भाषण ठोकलं. नफ्यावर डोळा ठेवणाऱ्यांच्या हाती माणसाचा जीव देऊच नये, हे काम सरकारचं, वगैरे. तिने शांतपणे समोर बोट दाखवलं. तिथे सरकारी योजनेचे साहेब म्हणाले, तुमची कंपनीची पॉलिसी आहे, तुम्ही आमच्या नियमात बसत नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं आणि दादा, माझ्या तोंडून चक्क तुम्ही बोलायला लागलात! सरकारला धड एक खिडकी चालवता येत नाही, विमा काय चालवणार, गिऱ्हाईक जायची भीती नसली की असंच होतं... मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. (तुम्हालाही कधी इतकं चांगलं जमलं नव्हतं.) पैसे मात्र कुठल्याच खिडकीने दिले नाहीत.

हा पराक्रम संध्याकाळी हिला रंगवून सांगितला. खोकला येईपर्यंत हसली. शेवटी मी म्हणून गेलो, "दादांचं निम्मं तरी बरोबर होतं." हिचं हसू एकदम गेलं. माझ्याकडे बघत म्हणाली, "डॉक्टर काही बोलले का?" मी घाईघाईने तुम्हाला आडमुठे, हटवादी, दुकानदारी डोक्याचे असं बरंच काही म्हटलं (माफ करा), तेव्हा कुठे तिला झोप लागली.

तुमचा,
नावडता मेहुणा

ता. क. डॉक्टर बोलले आहेत. आता विमा कुणीही दिला तरी उपयोग नाही. हे मला एकट्याला पेलत नाही, दादा.

आणखी एक. लगेच निघा. पण आल्यावर मला जवळ घेऊ नका, माझं काही मान्य करू नका. तिच्या खाटेशी बसून माझ्याशी भांडा, चांगला आवाज चढवून. (सिस्टरना मी सांगून ठेवलं आहे.) आपलं एकमत झालेलं तिला दिसता कामा नये.