सातव्या तुकड्याची ओळ

प्रिय कोलो,

वर 'कोलोतिता' असं पूर्ण नाव लिहायला घेतलं होतं, पण हात थांबला. सिस्टर बेनेदिक्तांच्या वर्गातल्या हजेरीनंतर तुला त्या नावानं कुणी हाक मारली असेल असं वाटत नाही. सकाळचे दहा वाजलेत. मी आमच्या पडवीत बसून लिहिते आहे. तुझी भाची गुरुवारच्या विमानानं ऑकलंडला परत जाते आहे, तिच्याजवळ हे पत्र देईन. मुलांच्या सणाच्या, पांढऱ्या रविवारच्या आधीच्या त्या शुक्रवारबद्दल मला लिहायचं आहे. त्या शुक्रवारनंतर महिन्याभरात तू गेलीस आणि पुन्हा आपियात पाऊल टाकलं नाहीस, याला येत्या ऑक्टोबरात एकोणीस वर्षं होतील. पण मी थेट तिथे जाणार नाही. मला जरा वेळ लागेल, तोवर माझी बडबड ऐक.

मी निवृत्त झाले, कोलो. गेल्या शनिवारी. आणि गंमत म्हणजे माझ्याबरोबर आपला म्हातारा सर्व्हरही निवृत्त झाला. तोएलाऊ बोट कंपनीची सगळी बुकिंगं आता कुठल्या तरी परदेशातल्या यंत्रावर असतात, आणि त्या यंत्राला आपल्यापैकी कुणी कधी हात लावणार नाही. शेवटच्या दिवशी मी त्याच्या खोलीत एकटीच जाऊन उभी राहिले. आठवतं, साऱ्या आपियात ती एकच खोली इतकी थंड होती की आपण दोघी भर दुपारी स्वेटर घालून बसायचो, आणि इओसेफोसाहेबांची पाठ वळली की ड्रॉवरमधून गरम पानिकेके काढून खायचो? तेलकट बोटांनी कळफलकाला हात लावशील तर बघ, असं मी तुला दहादा बजावायचे आणि मीच लावायचे.

डिस्कचे ते कोरे तुकडे तुला माझ्याहून जास्त आवडायचे. डेटाबेसला फाइलींची मांडणीबिंडणी नको असते, त्याला डिस्कचा अख्खा कोरा तुकडा द्यायचा, मग तो हवं तसं थेट त्यावर लिहितो, हे तू नव्या मुलींना इतकं प्रेमानं समजवायचीस. सर्व्हर बंद करून चालू केला की त्या तुकड्यांची मालकी पुन्हा सर्व्हरकडे जायची आणि डेटाबेस रुसून बसायचा. मग तू मालकीची आज्ञा टाइप करताना त्याला रागवायचीस, "घे रे बाबा, तुझंच आहे, कुणी नाही नेलं." त्या तुकड्यांची खोड एकच. युनिक्सला विचारलं तर भरलेला तुकडा आणि रिकामा तुकडा सारखेच. यादीत दोन्ही नाहीत. आत हजारो माणसांची नावं असली तरी बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथे कुणीच राहत नाही. म्हणून तर आपण ती हिरवी वही ठेवली होती. तुकड्याचा क्रमांक, कुणाला दिला, कधी दिला. तुकड्याला हात लावण्याआधी वही बघायची. तो नियम तूच घातला होतास.

शनिवारी माझा निरोपसमारंभ चर्चच्या हॉलमध्ये झाला. शंभर माणसं, नारळाच्या दुधातल्या पालूसामीच्या परातीच्या पराती, गाणी, आणि शेवटी आपली नेहमीची सोंगं. तिकीटखिडकीवरचा पाउलो तुला आठवत असेल. आता त्याचं पोट एवढं सुटलंय की तो हसला की आधी ते हसतं. तो डोक्याला केसांचा टोप लावून, हातात बादली आणि खराटा घेऊन आला. एका घराचं दार ठोठावून विचारतो, "कुणी आहे का गं? नाही ना? मग धुऊन काढते हं!" आणि आत जेवायला बसलेल्या सात माणसांवर अख्खी बादली रिकामी. घरधनी ओरडतो, "अगं ए बये, दारावर एवढी मोठी पाटी आहे ना!" पाउलो डोळे चोळत म्हणतो, "पाटी? कुठली पाटी?" हॉल हसून हसून लोळायचा बाकी होता. ते सोंग कुणाचं, हे सांगावं लागलं नाही. कोलो, हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुझं नाव आपल्या ऑफिसात म्हणीसारखं झालंय. नवा माणूस आला की त्याला सांगतात, "सोले, बाबा रे, आधी बघ, कोलो करू नकोस." ज्यांनी तुला पाहिलंसुद्धा नाही, तेही म्हणतात.

मीही हसत होते. हसताना माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. चर्चच्या बायका वाढायला आल्या होत्या आणि त्यांच्यात तुझी आई होती. चौऱ्याऐंशी वर्षांची लागीमावशी, हातात कोकोच्या कपांचा ट्रे. ती हसत नव्हती. रागावलीही नव्हती. ट्रे तिरका होऊ नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, एवढंच.

मी उठले. "पाउलो, खाली बस," म्हणाले. त्याला वाटलं, हाही सोंगाचाच भाग. तो म्हणाला, "सुगा, बाई गं, अजून दुसरी बादली बाकी आहे!" पुन्हा हशा. मग मी जे बोलले ते आता तुला लिहिते.

त्या आठवड्यात बुकिंगं वाढली होती, म्हणून मंगळवारी दुपारी मी डेटाबेसला सातवा तुकडा दिला. चार वाजता चर्चमध्ये मुलांच्या गाण्याची तालीम होती. वहीत उद्या लिहू म्हणून मी निघाले. बुधवारी विसरले, गुरुवारीही. शुक्रवारी सकाळी साहेबांनी तुला अहवालांसाठी जागा करायला सांगितली. तू यादी पाहिलीस, वही पाहिलीस आणि सातव्या तुकड्यावर नवी फाइल-व्यवस्था बांधलीस; आत होतं ते सगळं पुसलं गेलं. बारा वाजता सगळ्या तिकीटखिडक्या ठप्प झाल्या. बुधवारी काढून ठेवलेल्या प्रतीच्या टेपवरून जे परत आलं ते आलं, त्यानंतरची दोन दिवसांची बुकिंगं गेली.

सगळे सर्व्हरच्या खोलीकडे धावले तेव्हा वही माझ्या टेबलावर होती आणि मी एकटी होते. मी ती ओळ तेव्हा लिहिली. 'सात, डेटाबेस, मंगळवार.' सिस्टरांनी शिकवलेल्या सुंदर अक्षरात. वार तर खराच आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पाच मिनिटांनी साहेबांनी ती वही तुझ्यापुढे आपटली, "हे काय लिहिलंय? वाचता येत नाही तुला?" तू वही डोळ्यांजवळ नेलीस आणि किती हळू म्हणालीस, "आहे की. माझ्या डोळ्यांना झालं तरी काय?" मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते. मी तुला पाणी आणून दिलं. बस, तेवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांतली मुलं, त्यांचे आईबाप, आज्या, आणि कुणाची जागा कुठली ते कळेना म्हणून बोटीत जागेपेक्षा दुप्पट माणसं. तू वहाणा हातात घेऊन रांगेपुढे उभी राहिलीस आणि ओरडलीस, "मला शिव्या द्यायच्यात त्या नंतर द्या, मी कुठे पळत नाही. आधी मुलांना बसू द्या!" मी ऑफिसातच बसून होते. ते मला पाउलोनं सांगितलं. तो हे विसरला नव्हता, कारण शनिवारी माझं बोलणं संपल्यावर त्यानं टोप काढला, तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना, आणि तो मुलासारखा रडायला लागला. लोकांनी मला ताटातलं संपवायलाही सांगितलं नाही. बरोबरच होतं ते.

मी तुला दुसऱ्याच दिवशी फोन करणार होते. पण रविवारी सकाळीच लागीमावशी कोकोचा डबा घेऊन पायी इथे आली. मला वाटलं, आता ऐकवेल. तिनं दोघींना कोको ओतला आणि तुझं सांगत बसली. तू तिकडे म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात कामाला आहेस, औषधाची बाटली वाचायची तर शेजारणीकडून पुन्हा वाचून घेतेस, कुलूप लावलं की तीनदा परत येऊन बघतेस. "ती म्हणते, आई, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही," मावशी म्हणाली. मग तिनं मला फोन करायला मनाई केली. "फोनवर ती तुझीच समजूत घालत बसेल. तिचा स्वभाव मला माहीत आहे. तू कागदावर लिही. म्हणजे तिला तीनदा वाचता येईल." आजही ती इथेच समोर बसली आहे. चष्मा घरी विसरली, म्हणून मधून मधून विचारते, "लिहिलंस का ते?" लिहिलं म्हटलं तर म्हणते, "मग शेवटी परत लिही. अगदी साधं लिही." तेवढंच लिहून थांबते. कोलो, तू वही पाहिलीस तेव्हा ती ओळ तिथे नव्हती. तू नीट पाहिलं होतंस.

तुझीच,
तेलेसिया