चौदा ओळींत बसवलेली माणसं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे सध्या कमरेपर्यंतच वाकलो आहे, उरलेला नमस्कार भेटीत घालीन.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? वॉर्डावॉर्डातून फिरून 'औषध वेळेवर घ्या' म्हणून लोकांना दटावणारी तू स्वतःच्या गोळ्या मात्र पर्समध्ये फिरवून तशाच घरी परत आणतेस, असं कळलं. चहाडी तुझ्या लेकीची आहे, राग माझ्यावर काढू नकोस. पुढे या पत्रात माझ्यावर रागावण्याजोगं बरंच आहे, तेव्हा तो राग जपून वापर.

तर तुझ्या हुकमाची अंमलबजावणी झाली. मागच्या आठवड्यात तू भाचीला माझ्याकडे पाठवलंस आणि तिच्या हाती मेट्रनबाईंच्या ठसठशीत अक्षरातला तो कागद दिलास: तीन माणसं, तीन वार, तीन वेळा आणि प्रत्येकासमोर ग्रंथातला पान क्रमांक. (ड्यूटीचा तक्ता लावायची तुझी सवय रिटायर झाल्यावरही जाणार नाही.) हेतू स्वच्छ होता. दंतवैद्यकाला प्रवेश मिळालाय, होकाराच्या अर्जावर सोमवारपर्यंत सही हवी, आणि पोरगी 'मला काय करायचंय तेच मला कळत नाही' एवढं एकच वाक्य धरून बसली आहे. तेव्हा ज्यांना काय करायचं ते वेळेवर कळलं अशी मोठी माणसं तिला प्रत्यक्ष दाखवावीत, म्हणजे तिचं डोकं ठिकाणावर येईल. ही माणसं तू निवडलीस आमच्या छापखान्याने काढलेल्या शंभर कर्तबगारांच्या त्या जाडजूड ग्रंथातून. तो मीच तिला दहाव्या वाढदिवसाला दिला होता. (बांधणीत दोन पानं उलटी लागल्यामुळे तो मला मिळाला होता, हे तेव्हा बोललो नव्हतो.) तू तिला रोज जेवताना त्यातलं एक पान वाचून दाखवायचीस, हेही मला आत्ता कळलं. तिघांनीही वेळ दिला. ज्या ग्रंथात आपला फोटो छापला आहे, त्या ग्रंथाच्या मुद्रितशोधकाला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

पहिला वार सर्जनसाहेबांचा. (पान एकतीस, हृदयाच्या चार हजारांवर शस्त्रक्रिया.) तिथे मी एक मूर्खपणा केला. काउंटरवरच्या बाईंनी वय विचारलं आणि मी खरं सांगितलं. त्यांच्याकडे पन्नाशीपुढचा माणूस दारातून आत आला की तो पेशंट, असा नियम असावा. 'अहो, मी नुसता मामा आहे,' असं मी तीनदा म्हणालो. 'हो काका, आडवे व्हा बरं,' म्हणून त्यांनी माझा शर्ट काढला आणि छातीला वायरी चिकटवल्या. ज्या अर्ध्या तासात मी भाचीच्या शेजारी बसून बोलण्याला योग्य वळण लावायचं, तो अर्धा तास मी पडद्याआड छताकडे बघत पडलो होतो आणि पलीकडून दोघांचं खो-खो हसणं ऐकत होतो. (रिपोर्ट चांगला आहे. पत्रासोबत जोडत नाही, तू त्यातून काहीतरी शोधून काढशील.)

बटणं लावत आत गेलो तर साहेब भाचीच्या सॅकचा तुटलेला पट्टा शिवत बसले होते. वाकडी सुई, हातात चिमटा, टाके असे की बघत राहावं. वडिलांचं सोफे आणि खुर्च्या शिवण्याचं दुकान होतं, ही सुई तिथेच आठव्या वर्षी हातात आली, असं ते सांगत होते. मेडिकलला कसे गेले? एका मित्राला अर्जाच्या रांगेत एकट्याने उभं राहायची भीती वाटत होती, म्हणून सोबतीला गेले आणि उभं राहिलोच आहोत तर आपलाही अर्ज भरू म्हणून भरला. मित्र दुसऱ्या वर्षी सोडून गेला. हे राहिले, कारण इतक्या लवकर घरी परतायची लाज वाटली. पहिल्या ऑपरेशनला चक्कर येऊन पडले, आणि पुढची चार वर्षं रोज सकाळी दात घासताना 'आज सोडतो' असं म्हणायचे. भाचीने निरागसपणे विचारलं, की मग तुम्हाला 'लहानपणापासूनच मानवी हृदयाच्या रहस्याची ओढ' होती ती केव्हा? साहेबांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. लहानपणी आपल्याला ओढ होती ती दुकानाच्या माळ्यावर कापसात झोपायची, असं ते म्हणाले. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी ईसीजीचा कागद वाचायला घेतला.

दुसरा वार पूल बांधणाऱ्या बाईंचा. (पान सत्तावन.) नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं ऑफिस, टेबलावर नकाशे, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्या चार कोपऱ्यांवर चार गमबूट. इथे सुरुवातीपासून भाचीच्या शेजारी राहायचं असा निश्चय करून मी भराभरा निघालो आणि ओल्या काँक्रीटमध्ये पाय दिला. मजूर धावत आले, बूट आत राहिला, मी बाहेर. बूट काढून, धुऊन, वाळत ठेवेपर्यंत बाईंचं अर्धं आयुष्य सांगून झालं होतं. मुळात त्या वनस्पतिशास्त्र शिकत होत्या, ते अर्धवट सोडलं, आणि याच नदीवर होडीच्या तिकीटखिडकीत सहा वर्षं बसल्या. दिवसभर समोर माणसं पलीकडे जायची वाट बघत उभी. त्यांना आधी कंटाळा आला, मग राग आला, आणि सत्ताविसाव्या वर्षी त्या सतरा वर्षांच्या मुलांशेजारी बाकावर बसून गणित शिकायला लागल्या. 'पहिल्या परीक्षेत शंभरात अकरा,' हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की पेपर अजून जपून ठेवलाय की काय असं मला वाटलं. ग्रंथात यातलं काही नाही. ग्रंथात आहे ते 'लहानपणापासूनच पुलांची ओढ.' परतताना मी एका पायात बाईंचा गमबूट घालून चालत होतो, तरी भाची हसलीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी आजारी पडायचा माझा विचार होता, पण नुकताच चांगला रिपोर्ट आल्यामुळे ती सोय राहिली नव्हती. निवृत्त न्यायमूर्तींच्या घरी पुस्तकांच्या खोलीत आम्हाला समोरासमोर बसवण्यात आलं. त्यांनी आपली कहाणी चार वाक्यांत आटोपली: अकरा वर्षं कोर्टात टायपिस्ट होतो, दुसऱ्यांचे निकाल टाइप करायचो, रोज वाटायचं की याहून बरं मी लिहिलं असतं, शेवटी बायको म्हणाली की मला रोज ऐकवण्यापेक्षा एकदा परीक्षा द्या. एवढं सांगून त्यांनी ग्रंथ उघडला, पान ब्याऐंशी काढलं आणि बोट ठेवून मला विचारलं, 'लहानपणापासूनच न्यायाची ओढ. हे कोणी लिहिलं? मी तर पाच पानं लिहून दिली होती.' मी म्हणालो, छपाईच्या गडबडीत कधीकधी होतं असं. तेवढ्यात भाची शांतपणे म्हणाली, 'शंभरातल्या त्रेसष्ट जणांना होती, साहेब. मी रात्री मोजले.' साक्षीदार फुटलेले मी पुष्कळ पाहिले, असं न्यायमूर्ती म्हणाले, पण स्वतःच्या मामावर फुटलेला पहिलाच. मग त्यांनी मला खरोखर उभं केलं, ताई. या वयात, चहाचा कप हातात असताना.

तेव्हा कबूल केलं ते तुलाही सांगतो. ते वाक्य माझं आहे. मुद्रितं तपासण्याबरोबर मजकूर कापून बसवायचं कामही माझ्याकडेच होतं, आणि नियम असा होता की एका माणसाला चौदा ओळी. माणसं पाच-पाच, दहा-दहा पानं लिहून पाठवायची: मी अमुक सोडलं, तमुक ठिकाणी चुकून गेलो, तीन वर्षं नुसता बसून होतो. हे सगळं चौदा ओळींत मावत नाही. मग मी पहिल्यांदा बसून राहिलेली वर्षं कापायचो, नंतर सोडलेल्या नोकऱ्या, मग नापास झालेल्या परीक्षा. एवढं कापल्यावर सुरुवातीला एक भोक पडायचं, तिथे ते वाक्य चपखल बसायचं. मालक खूश असायचे. मजकूर कसा सरळ होतो, म्हणायचे. एकोणतीस वर्षं हेच काम केलं आणि त्यात कोणाचं काही बिघडत असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

बसथांब्यावर भाची म्हणाली, 'मामा, सात वर्षं मी ते पुस्तक वाचतेय. प्रत्येकाला लहानपणीच कळलेलं. मला काहीच कळत नाही. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे.' रडली वगैरे नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, त्यामुळे मला जास्त लागलं. मी बस चुकवली. दुसरी आली, तीही चुकवली. जे सुचत होतं ते सगळं छापील होतं. शेवटी नुसतं 'चुकलो' म्हणालो. ती म्हणाली, 'असू दे, आता पुढच्या बसमध्ये तरी चढू या.'

म्हणजे तू मला जे करायला सांगितलंस त्याच्या बरोबर उलट झालं. तू मुलीला सरळ रस्ता दिसावा म्हणून पाठवलंस आणि मी तिला तीन दिवस आडवाटांनी फिरवून आणलं. वर ज्या पुस्तकावर तू विसंबलीस, तेच मी खोटं ठरवलं. तुला वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. मला स्वतःलाही वाटतं आहे, आणि पाठदुखीशी त्याचा काही संबंध नाही. भाऊजींना नमस्कार. बाकी भेटीत, तू दार उघडलंस तर.

तुझा अपराधी,
धाकटा

ता. क. एक मुख्य गोष्ट लिहायची राहिली. भाची दंतवैद्यकाच्या अर्जावर सही करणार आहे. काल नाश्ता करताना सहज म्हणाली, 'सोफ्यापासून निघून माणूस हृदयापर्यंत जातो, मग मी दातांपासून निघायला काय हरकत आहे? नाही जमलं तर बघू.' एवढं मोठं पत्र लिहिण्याआधीच तिने हे सांगितलं होतं. पण मग मी रागाला घाबरून लिहिलेली चार पानं वाया गेली असती.

ता. क. दोन. सही ती रविवारी तुझ्यासमोर करणार आहे, पण त्याआधी तिला तुझ्याकडून एक उत्तर हवं आहे, आणि विचारायचा धीर होत नाही म्हणून ते काम माझ्यावर टाकलं आहे. बसमध्ये तिने मला विचारलं, 'आई माझ्याएवढी असताना तिला काय व्हायचं होतं?' मी सवयीने तोंड उघडलं, 'लहानपणापासूनच तिला रुग्णसेवेची' एवढं बोललो आणि थांबलो. मला माहीत नाही, ताई. तू नर्सिंगच्या होस्टेलला गेलीस तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, आणि त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं की तुझी खिडकीजवळची कॉट मला मिळाली म्हणून मी खूश होतो. तू जाताना रडलीस का, हेसुद्धा मी पाहिलं नाही. नंतर तू मेट्रन झालीस, सगळे कौतुक करू लागले, आणि विचारायचं राहूनच गेलं. रविवारी आम्ही दोघं येतोय. तिला सांग, मीही ऐकणार आहे. तुला काय व्हायचं होतं गं?