बरक्या फणसाची परीक्षा

॥ श्री ॥
बंगळूर,
६ एप्रिल २०२५

तीर्थरूप आप्पांस,
ऋतिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही सगळ्याला हो हो म्हणता आणि नंतर आईला विचारता की पोरगी काय म्हणत होती. लोट्याच्या कंपनीची बस चालवून चालवून तुमचे कान गेले, त्याला तुम्ही तरी काय करणार. म्हणून महत्त्वाचं ते कागदावर.

सानवी परवा दोन वर्षांची झाली. आता विमानात तिला मांडीवर घेता येणार नाही, पूर्ण तिकीट आणि स्वतःची खुर्ची. दहा मेला आम्ही दोघी गोव्यात मोप्याच्या विमानतळावर उतरतो. विनीतला रजा नाही. तुम्ही गाडी घेऊन यायचं म्हणताय, मला आनंदच आहे. पण आप्पा, एक अट आहे. लहान मुलांच्या वेगळ्या सीटशिवाय सानवी गाडीत बसणार नाही. इथे रोज पाळणाघरात जाताना ती तशीच बसते. एकच सीट विमानात आणि मग तुमच्या गाडीत, असा माझा बेत आहे.

सध्याची सीट चौदा किलोची आहे, म्हणजे सानवीहून जड! एका हातात सानवी आणि दुसऱ्या हातात ही, असं मला विमानतळावर जमायचं नाही. शिवाय ती अडकवायला गाडीत लोखंडी कड्या लागतात आणि तुमच्या गाडीत त्या नाहीत. म्हणून हलकी, नुसत्या पट्ट्याने बांधता येईल अशी नवी सीट शोधते आहे. तुम्ही एवढंच करा: मागच्या बाकाची रुंदी मोजा आणि पट्टा खांद्यावरून येतो की नुसता कमरेला, ते बघून कळवा.

आईला सांगा, तिच्या मांडीबद्दल माझ्या मनात काहीही नाही. रागावू नका.

लोभ आहेच, पत्र वाचून झाल्यावरही तो तेवढाच असू द्या.

तुमची,
ऋतिका

॥ श्री ॥
लांजा,
१४ एप्रिल २०२५

चि. सौ. ऋतिकास,
अ. उ. आ. चि. सानवीस गोड पापा.

पत्र पोचलं. रागावू नका म्हणून लिहिलंस, म्हणजे रागावण्यासारखं आहे हे तुलाही कळलं होतं तर!

गो, एकोणतीस वर्षं मी कंपनीच्या माणसांना तिन्ही पाळ्यांना नेलं-आणलं. परशुराम घाट उतरलो, धुकं, पाऊस, दरड, सगळं बघितलं. गाडीला ओरखडा नाही. रिटायर झालो तेव्हा साहेबांनी नारळ देऊन भाषणात हेच सांगितलं. आणि आता माझी सख्खी मुलगी म्हणते की अट आहे. तू स्वतः आईच्या मांडीवर बसून राजापूर, चिपळूण, कोल्हापूर केलंस. तुला काय झालं? चांगली टणटणीत आहेस आणि बापाला अटी घालतेस.

असो. बाक मोजला, एकशे बावीस सेंटिमीटर. पट्टे खांद्यावरून येणारे आहेत. गाडी घेतल्यापासून ते आसनाखाली दाबलेले होते, ते उपसून काढले. त्याबरोबर एक कंगवा, भाजलेले काजू (खाण्याजोगे नाहीत) आणि तुझ्या आईची सहा वर्षांपूर्वी हरवलेली कानातली कुडी निघाली. त्या कुडीवरून तिने शेजारच्या मालनशी दोन महिने अबोला धरला होता. आता तिच्याकडे काय तोंड घेऊन जाऊ, म्हणून स्वयंपाकघरात बसून आहे.

सीटची मात्र तू काळजी करू नकोस. मी शिवा सुताराकडून करून घेतली. फणसाच्या लाकडाची खुर्ची, उंच पाठ, हातांना गोल कठडा, वर कापसाची गादी, कमरेला नवारीचा पट्टा. पाठीवर सानवीचं नाव कोरलंय. बाजारात असली वस्तू मिळायची नाही. तुझे पैसे वाचव.

आमचा आशीर्वाद आहेच, अटीशिवाय.

तुझा,
आप्पा

॥ श्री ॥
बंगळूर,
२२ एप्रिल २०२५

तीर्थरूप आप्पांस,
सा. न. वि. वि.

खुर्चीचा फोटो आईने पाठवला. फार सुंदर झाली आहे. नावातल्या ‘वी’ची वेलांटी बघून मी ऑफिसात बसल्या बसल्या रडले. आणि तरीही सांगते, सानवी त्या खुर्चीत गाडीत बसणार नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. लाकूड दणका सोसत नाही, आप्पा, ते माणसाला देतं. कमरेचा एकच पट्टा असला तर मूल त्याखालून सटकतं. मी आणलेल्या सीटला पाच पट्टे आहेत, दोन खांद्यांना, दोन कमरेला, एक पायांमधून. साडेचार किलो वजन. विमानाच्या खुर्चीत मावेल इतकी अरुंद, आणि विमानात चालते असा छाप तिच्यावर आहे. तो नसला तर आत नेऊच देत नाहीत. विमानवाल्यांना आधीच फोन करून ठेवला, खिडकीची जागा दिली त्यांनी. दुकानातल्या मुलीने आणखी एक दाखवली होती, गुबगुबीत, पेल्याला खाच असलेली. सानवी तिच्यातून उतरायला तयार नव्हती. पण तिच्यावर छाप नव्हता. पेल्यावरून सीट घेऊ नये एवढी अक्कल तुमच्या मुलीला आहे.

गाडीत ती मागे तोंड करून बसेल. अजून वर्ष-दीड वर्ष तसंच बसवायचं, मानेला ते बरं.

तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. समोरून येणाऱ्याच्या हातावर नाही. तुम्हाला हे पटत नसेल तर मी मोप्याहून दुसरी गाडी करून येईन, आणि ते मला मुळीच आवडणार नाही.

राग आला तरी उत्तर धाडा, एवढा लोभ ठेवा.

तुमची,
ऋतिका

॥ श्री ॥
लांजा,
२ मे २०२५

चि. सौ. ऋतिकास,
अ. उ. आ.

दुसरी गाडी करायची नाही. का, ते सांगतो.

तुझं पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मग म्हटलं, होऊनच जाऊ दे परीक्षा. सानवीचं वजन साडेअकरा किलो, तुझ्या आईला पाठ आहे. परसातला बरका फणस काट्यावर ठेवला, बारा भरला. पिकायला आलेला. त्याला टॉवेलात गुंडाळून शिवाच्या खुर्चीत बांधला आणि आम्ही दोघं सकाळी सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. चाळीसच्या वेगात ब्रेक मारला. खुर्ची तोंडावर आपटली आणि फणस पट्ट्याखालून निसटून खाली पडला.

तुझी आई हसून हसून लाल झाली. म्हणाली, तुमच्या खुर्चीचं हे असंच व्हायचं, आणा तो माझ्याकडे, दोन पोरं वाढवलीत मी या मांडीवर. फणस तिने मागच्या बाकावर छातीशी घट्ट धरला. मी परत चाळीसला नेली आणि न सांगता ब्रेक मारला.

काय सांगू गो. फणस दोन सीटांच्या मधून गेला तो थेट पुढच्या फळीवर फुटला. काचेवर गरे, गियरवर चीक, माझ्या चष्म्यावर आठळी. हिचं कपाळ पुढच्या सीटला लागलं, थोडं टेंगूळ आलं. मी हसायला म्हणून मागे वळलो तर ही दोन्ही हात पुढे करून तशीच बसली होती. रिकामे हात बघत होती.

गाडी तीनदा धुतली, माशा अजून येतात. तू तुझी सीट आण. कशी बांधायची ते मला शिकव. उलट उत्तर करणार नाही.

चूक कबूल केली म्हणून लोभ वाढवायला हरकत नाही.

तुझा,
आप्पा

ता. क. बाय माझी, मी आई लिहितेय. तुझ्या लहानपणीचे ते सगळे प्रवास आठवून माझा जीव वरखाली होतोय. देवाने राखलं. दहा तारखेला मीसुद्धा पट्टा लावणार. मालनशी बोलले, तिला आठळ्या पण नेऊन दिल्या.

॥ श्री ॥
लांजा,
१ जून २०२५

चि. सौ. ऋतिकास,
अ. उ. आ. चि. सानवीस दोन पापे.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. घर सुनं झालंय. शिवाची खुर्ची पडवीत तशीच आहे, गादीवर सानवीने सांडलेला आंबरस आहे. तुझी आई धुवायला देत नाही. ताट घेऊन बसायला ती खुर्ची उत्तम झाली हे तूच कबूल केलंस, तेव्हा शिवाची आणि माझी मेहनत पाण्यात गेली नाही.

आता एक गोष्ट. तेव्हा सांगितली नाही.

मोप्याहून येताना खारेपाटणच्या पुढे म्हशीचं पारडू आडवं आलं. माझा वेग सत्तर होता. मी होता नव्हता तेवढा ब्रेक मारला. गाडी पारड्यापासून हातभर अंतरावर थांबली. ते माझ्याकडे बघत उभं राहिलं, जसा काही मीच चुकलो. तू आणि आई हसायला लागलात. पण तुमचं हसणं मला नंतर कळलं.

मला ऐकू येत नाही आणि सानवीचं तोंड मागे. आरशात नुसती सीटची पाठ दिसत होती. ती रडते की गप्प आहे, मला काही म्हणता काही कळेना. मागे वळायचा धीर होईना. डोळ्यांसमोर तो फणस. मग सीटच्या कडेवरून दोन इवले हात वर आले आणि हलायला लागले. तू माझ्या कानाशी येऊन सांगितलंस की पोरगी पुन्हा तसंच कर म्हणतेय.

मी टायर बघतो म्हणून उतरलो. टायर ठणठणीत होता. गाडीच्या मागे उभा राहून रडलो, आणि येऊन बसलो तेव्हा उन्हाने डोळे झोंबतायत म्हणालो.

एकोणतीस वर्षांत ओरखडा नाही हे मी आता कुणाला सांगत नाही. रस्त्यात आलेली सगळी पारडी वेळेवर थांबली म्हणून तो नव्हता, माझ्या हातामुळे नाही. परवा शिवाची सून सानिका बाळाला कडेवर घेऊन रत्नागिरीला जायला निघाली, मी गाडीने नेणार होतो. गाडी चालू केली नाही. आधी तिला तुझ्या त्या सीटचं नाव लिहून दिलं, आणि दोघांना एसटीत बसवून आलो.

दिवाळीला या. सीट आणायचं विसरलीस तर मोप्यावरूनच परत पाठवीन, ही आता माझी अट.

लोभ आहे तो पाचही पट्ट्यांनी बांधलेला आहे, हलायचा नाही.

तुझा,
आप्पा