अक्का, तो चोर मीच होतो

निगडी प्राधिकरण,
सोमवार

ती. इंदुअक्काच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या जयसिंगचा नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे शालन खुशाल आहे. मी का नाही ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की मुख्याध्यापक असताना पीटीच्या तासाला खुर्चीत बसून शिट्टी मारायचीस तसंच चाललंय? औशात आता थंडी उतरली असेल. पहाटे कान बांधल्याशिवाय अंगणात जाऊ नकोस. (तू ऐकणार नाहीस हे माहीत असूनही धाकट्या भावाने असं लिहायचं असतं.)

अक्का, आधी एक खुलासा करतो. परवा संध्याकाळी तुला एका माणसाचा फोन आला. तुझ्या मोबाईलवर आलेला कोड त्याने मागितला आणि तू त्याला म्हणालीस, "काय रे मुडद्या, लाज वाटती का? माझ्या भावाचा आवाज काढून म्हाताऱ्या बाईला फसवायलास?" फोन ठेवण्याआधी तू त्याच्या सात पिढ्यांचा उद्धारही केलास. अक्का, तो चोर मीच होतो. (त्या सातही पिढ्या तुझ्याही आहेत, एवढंच नम्रपणे नमूद करतो.) मग मी शालनला तिच्या फोनवरून बोलायला लावलं, तर तू तिला "आता बायकांचाबी आवाज काढायलेत!" म्हणून आमचे दोन्ही नंबर बंद करून टाकलेस. नंबर बंद कसा करायचा हे तुला मीच शिकवलं होतं. यंत्राकडून हुबेहूब नातेवाइकाचा आवाज काढून फसवतात ही बातमीही मीच तुला पाठवली होती, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की प्रत्यक्ष मी जरी रडत फोन केला तरी कोड देऊ नये. तुझ्याइतकी हुशार विद्यार्थिनी मला उभ्या आयुष्यात मिळाली नाही आणि आता ती मिळाल्याचं मला अतोनात दुःख होत आहे.

म्हणून हे पत्र हाताने लिहितोय. हस्ताक्षर ओळखशीलच, पट्टीने मारून मारून तूच वळणावर आणलेलं आहे. तरीही तुझा संशयी स्वभाव जाणून एक पुरावा देतो. आपण लहान असताना महालक्ष्म्यांच्या सणात एका वर्षी देवीवर दोऱ्यांनी टांगलेल्या फुलोऱ्यातली एक करंजी गायब झाली होती. आजीने उंदरावर आळ घेतला, शेजारच्यांचं मांजर आणून देवघरात कोंडलं आणि त्या मांजराने रात्रीत नैवेद्याच्या दुधाचा फडशा पाडून सकाळी आजीचा मार खाल्ला. ती करंजी कोणी काढली, दोऱ्याला पुन्हा गाठ कोणी मारली आणि अर्धी करंजी माझ्या तोंडात कोंबून "बोललास तर बघ" असं कोण म्हणालं, हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. शालनलासुद्धा मी कधी सांगितलेलं नाही. जगातलं कुठलंही यंत्र इतकं जुनं आणि इतकं तुपकट गुपित काढू शकणार नाही.

आता मूळ हकिकत. तुला माहीतच आहे की निवृत्तीनंतर आम्ही काही मंडळींनी इथे संगणक-मोबाईल मित्र मंडळ काढलं. दर शनिवारी विरंगुळा केंद्रात जमायचं, मी तंत्रज्ञानाच्या ताज्या बातम्या वाचायच्या, एक-दोन उपयोगी सूचना द्यायच्या (फोन उशीखाली ठेवून चार्जिंग करू नये, वाचल्याशिवाय 'होय' दाबू नये, लॉटरी न काढलेल्याला लॉटरी लागत नाही वगैरे) आणि मग चहा. माझं अध्यक्षपद बिनविरोध होतं, कारण बाकीच्यांना चहाच्या आधी बोलायचा कंटाळा. पण तुझा भाऊ आयुष्यभर आकुर्डीच्या कारखान्यात क्वालिटीला होता. माल नुसता चांगला असून आम्हाला चालत नाही, तो वाईट होऊच शकणार नाही अशी व्यवस्था लागते.

आमच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या प्रत्येक प्रेसला दोन बटणं असायची, एकमेकांपासून चांगली हातभर लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खालीच येत नाही. त्यामुळे कामगाराचे दोन्ही हात बटणांवर राहतात आणि बोट साच्याखाली जायचा प्रश्नच उरत नाही. मी मनात म्हटलं, हीच पद्धत मोबाईलला का लावू नये? माणूस फसतो कारण पासवर्डही त्याच्याकडे आणि कोडही त्याच्याकडे, म्हणजे दोन्ही बटणं एकाच हाताखाली. मग मी नियम केला. प्रत्येक सभासदाने आपल्या ई-मेल खात्याला स्वतःचा नंबर न जोडता एका जोडीदाराचा नंबर जोडायचा. पासवर्ड विसरला तर कोड जोडीदाराकडे जाईल. आणि दुसरा नियम तर आपला जुनाच, की कोड कधीही, कोणालाही, कुठल्याही परिस्थितीत सांगायचा नाही. अक्का, हे दोन नियम शेजारी शेजारी लिहून मी फळ्याकडे बघत उभा राहिलो, तेव्हा मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी खडूसुद्धा खाली ठेवला नाही. त्यांत काही खोट आहे हे त्या खोलीतल्या एकाही माणसाला कळलं नाही. बहुतेक सगळे कारखान्यातून निवृत्त झालेले, फळ्यावर नियम आला की वहीत उतरवून घ्यायचा एवढंच शिकलेले.

खोट पहिल्यांदा बबनरावांना कळली. बबनराव म्हणजे चाकणजवळच्या निघोज्याचे. जमिनी कंपन्यांना गेल्या, आता इथे बंगला आणि गावाकडे फार्महाऊस, आणि दोन्हीकडे अध्यक्ष व्हायची हौस. त्यांचे जोडीदार त्यांचेच व्याही ज्योतीराम. गेल्या महिन्यात बबनराव भर सभेत पासवर्ड विसरले. कोड ज्योतीरामांच्या फोनवर टिंग करून आला. दोघे एकाच बाकावर, मांडीला मांडी लावून बसलेले. बबनरावांनी हात पुढे केला आणि ज्योतीरामांनी फोन छातीशी धरला.

"अध्यक्षांचा नियम हाय. कोड सांगायचा न्हाई."

"आरं, पण मीच हाय न्हवं! तुज्या म्होरं बसलोय की!"

"चोर बी हेच म्हनंल."

व्याह्याला चोर म्हटल्यावर पुढे काय झालं ते विचारू नकोस. त्यांची सून आणि ज्योतीरामांची लेक एकच असल्यामुळे तिने दोन्हीकडचं जेवण बंद करण्याची धमकी दिली, तेव्हा प्रकरण मिटलं. पण मी काही चूक कबूल केली नाही. कारखान्यात चूक कबूल करत नाहीत, नियमाची सुधारित आवृत्ती काढतात. मी काढली. जोडीदाराने कोड तोंडाने सांगायचा नाही, समक्ष येऊन स्वतःच्या बोटाने टाकायचा. सभासदांचे जोडीदार निगडी-आकुर्डीतलेच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. आणि बबनरावांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी जाहीर करून बसलो, की येत्या रविवारी मंडळाच्या वर्धापनदिनाला मी पडद्यावर सर्वांसमक्ष माझं खातं उघडून दाखवीन. बबनराव म्हणाले, "उगडलं तर तुमी अध्यक्ष. न्हाई उगडलं तर मी, आन् मंडळ जाईल निघोज्याला, हुर्डा माज्याकडनं." हुर्डा म्हटल्यावर निम्मे सभासद माझं खातं उघडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसले आहेत.

आता माझ्यावर काय ओढवलं ते ऐक. कारखान्यात मापं घ्यायच्या गेजची तपासणी जशी ठरल्या तारखेला करतात तसा मी दर महिन्याला पासवर्ड बदलतो. बदलतो तोही असा की कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही, आणि माझ्याच सूचनेनुसार तो कुठेही लिहून ठेवत नाही. (टाकताना तेवढा एकेक अक्षर मोठ्याने म्हणतो. मापं घेताना ओरडून सांगायची आणि दुसऱ्याने लिहून घ्यायची, ती नोकरीतली सवय जिभेवरून जात नाही. फक्त आता लिहून घेणारा कोणी नाही.) दिवाळीला अजिंक्यने नवा फोन दिला. परवा हौसेने जुन्यावरचं सगळं नव्यावर घ्यायला बसलो. नव्या फोनने पासवर्ड विचारला आणि माझं डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं. जुन्या फोनमधलं खातं मी त्याआधीच पुसून टाकलं होतं, कारण फोन बदलताना जुना आधी पुसावा ही सूचनाही माझीच. भाषण, बातम्यांची कात्रणं, सभासदांचे फोटो, सगळं त्या खात्यात कुलूपबंद. अजिंक्यला विचारलं, तर तो म्हणाला, "बाबा, कोड कोणाच्या नंबरवर जातो?" मी म्हटलं, तुझ्या आत्याच्या. तो हसत हसत चाकणला शिफ्टला निघून गेला. माझ्या पोटच्या पोराने मला धीराचा एक शब्दही दिला नाही.

तू म्हणशील, निगडीत कोणी मिळालं नाही म्हणून औशातला नंबर जोडलास का? मिळाले असते. पण फॉर्म भरताना मी सभासदांना म्हटलं होतं, ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा आहे त्याचंच नाव लिहा. मग मला दुसरं नाव लिहिता येईना. तू जन्मात कधी कोणाचं गुपित फोडलं नाहीस. ते माझ्यापासूनच राखशील असं मात्र वाटलं नव्हतं.

असो. मी हे सगळं तुला फक्त कळवतो आहे. मला कोड नको. माझी काहीही मागणी नाही. अध्यक्षपद आज आहे, उद्या नाही, माणसाने अशा गोष्टींत जीव अडकवू नये. तब्येतीला जप. शेजारच्या तेजस्विनीला आशीर्वाद सांग, तिची परीक्षा जवळ आली असेल.

तुझा आज्ञाधारक (आणि सध्या तुझ्याच आज्ञेवर अवलंबून असलेला) भाऊ,
जयसिंग

ता. क. कारळाची चटणी संपली आहे. इकडे मिळते तिला चव नाही.

ता. क. वरची चटणी पोस्टाने पाठवू नकोस, सांडते. कोणीतरी समक्ष आणलेली बरी. लातूरहून निगडीपर्यंत थेट गाडी येते म्हणे. शनिवारी बसलीस तर स्टँडवर मी रिक्षा घेऊन उभा राहीन, गुडघ्याला पायरीही चढू देणार नाही. येताना फोन, चार्जर आणि चष्मा तिन्ही आण. कोड मला सांगू नकोस, नियम आहे. तुझ्या बोटाने तूच टाक.

ता. क. अक्का, मला अध्यक्षपद हवं आहे. अगदी मनापासून हवं आहे. आलीस तर करंजीचं आजवर कोणाला बोललो नाही, पुढेही बोलणार नाही. नाही आलीस तर रविवारी भाषण हाताशी नसणार, आणि आयत्या वेळी मला सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट सुचते आहे.

—

वन्सं, नमस्कार. शालन लिहिते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे देऊन हे मंडळात गेलेत, म्हणून घाईत लिहिते.

पासवर्ड मला माहीत आहे. हे फोनपुढे एकेक अक्षर ओरडतात आणि पलीकडे माझी कणीक मळणं चालू असतं. या महिन्याचा 'करंजी', आणि पुढे तुमचं जन्मसाल. महिनाभर मला वाटत होतं ह्यांना करंज्या खाव्याशा वाटतायत, म्हणून दोनदा करूनही घातल्या. खाल्ल्या, पण आठवलं नाही. आज पत्र वाचल्यावर मला अर्थ लागला. ह्यांनी तर सगळी गोष्ट स्वतःच्या हाताने लिहून काढली, तरी ह्यांना नाही लागला.

मी ह्यांना पासवर्ड सांगितला नाही, कारण तो कोणाला सांगू नये असं ह्यांनीच शिकवलंय. आणि दुसरं म्हणजे, सांगितला असता तर हे पत्र गेलं नसतं. तुमच्याकडचे भाऊजी गेल्यापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत. विचारलं की गुडघा पुढे करता. ह्यांना तुमची फार आठवण येते, पण 'ये' म्हणायला ह्यांची जीभ रेटत नाही, म्हणून मोबाईलच्या सूचना पाठवत बसतात. तेव्हा कोडसाठी नको, तशाच या. चटणी मात्र खरंच आणा.

समजा नाहीच जमलं, तर रविवारी कार्यक्रमाच्या आधी ह्यांच्या ताटात करंजी वाढीन आणि तरी ट्यूब नाही पेटली तर कानात सांगीन. चारचौघांत ह्यांची फजिती मी होऊ देणार नाही. पण तोवर मला माहीत आहे हे ह्यांना कळू देऊ नका. तुम्ही सांगणार नाहीच म्हणा, त्या मांजराने मार खाल्ला तरी तुम्ही बोलला नव्हतात.